ओव्हन नाही, डबाबंद काही नाही – तरी रात्रीच्या जेवणाला टेक्स-मेक्स कॅसरोल

सांबारवडी (दारव्हा तालुका)

घरोघरी पोट्टे मोबाइलवर ते थरावर थर लावलेलं, वरून चीज वितळलेलं टेक्स-मेक्स (अमेरिकेतल्या टेक्सासचं, मेक्सिकन वळणाचं) कॅसरोल पाहतात आणि मग 'आई, हे करून दे' सुरू होतं. व्हिडिओतल्या बाईकडे ओव्हन असतो, डब्यातला शिजलेला राजमा असतो, बाटलीतलं सॉस असतं, किसलेल्या चीजची पिशवी असते. ती अर्ध्या तासात मोकळी. आपल्याकडे यातलं काही नसतं. पण सकाळच्या पोळ्या असतात, टमाटे असतात, तिखट-जिरं असतं आणि जाड बुडाची कढई असते. तेवढ्यात हे होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत वावरातून घरी यायला अंधार पडतो, तेव्हाही होतं. अट एवढीच की राजमा सकाळी निघताना भिजत पडला पाहिजे.

पाच-सहा माणसांचं प्रमाण सांगते. राजमा एक वाटी, सकाळच्या पोळ्या ६–७, टमाटे ५–६, कांदे २, लसूण एक गड्डी, सिमला मिरची १, मक्याचे दाणे वाटीभर (नसले तर नसले), चीज शंभर-दीडशे ग्रॅम, कणिक दोन मोठे चमचे, तेल, तिखट, जिरेपूड, मीठ, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू. सोबत दही.

आल्या आल्या पहिलं काम म्हणजे राजमा नव्या पाण्यात मीठ घालून कुकरला लावायचा. तो शिजेपर्यंत बाकी सगळं होतं.

दुसऱ्या शेगडीवर तवा ठेवून पोळ्यांचे चार-चार तुकडे करायचे आणि तेल न लावता मंद आचेवर कडक करायचे. पापडासारख्या मोडतील इतक्या. हे काम पोट्ट्यांना द्या, तेवढा वेळ मोबाइल बाजूला राहतो.

मग सॉस. तीन मोठे चमचे तेल गरम करा, त्यात कणिक टाकून खमंग वास सुटेपर्यंत भाजा. आता गॅस बंद. बंदच करा, मंद नाही. मग ठेचलेला लसूण, दोन छोटे चमचे जिरेपूड आणि तिखट टाका. गरम तेलात तेवढ्यात परतून निघतं आणि तिखट जळत नाही. दोन वाट्या पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा, टमाट्याचा रस ओता, मीठ, परत गॅस लावा आणि पळीला चिकटून राहील इतकं दाट होऊ द्या. पातळ राहिलं तर पुढचं सगळं पाण्यात.

कांदा, सिमला मिरची, मक्याचे दाणे परतून त्यात शिजलेला राजमा निथळून घाला, थोडा सराट्याने दाबून मोडा.

आता कढईला तेलाचा हात लावून तळाशी दोन पळ्या सॉस, त्यावर पोळीचे तुकडे, त्यावर राजमा, वरून सॉस, चिमूटभर चीज. असे तीन थर. सगळ्यात वर सॉस यायला पाहिजे, कोरडी पोळी वर राहिली तर ती चामडी होते. झाकण ठेवा, कढईखाली जुना तवा ठेवा, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. उरलेलं चीज शेवटच्या पाच मिनिटांत. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, थर बसू द्या, नाहीतर ताटात खिचडी पडते. मग सांबार पेरा, लिंबू पिळा.

विचारा काय विचारायचं ते.

---

आंबाडीची भाजी

मस्त लिहिलंय ताई. पण आमच्याकडे राजमा कोणी आणत नाही आणि आणला तरी सासूबाईंना तो पचत नाही. बरबटी चालेल का? ती घरचीच आहे, एका पेवात कायमची.

---

सांबारवडी

चालेल काय, धावेल. बरबटीला भिजवायची गरज नाही, तेवढाच सकाळचा एक ताण कमी. दोन-तीन शिट्ट्यांत होते. जास्त शिजवू नका, दाणा अख्खा राहू द्या.

---

डॅलसचा दिग्रसकर

आंबाडीताई, बिनधास्त बरबटी घाला. इकडे टेक्सासमध्ये तीच बरबटी 'ब्लॅक-आइड पीज' म्हणून मिळते आणि १ जानेवारीला ती खाल्ली तर वर्ष चांगलं जातं असं अमेरिकेच्या दक्षिणेत सगळे मानतात. कांदा, सिमला मिरची, आंबट रस घालून तिची कोशिंबीरही करतात, तिला थट्टेने 'टेक्सास कॅव्हियार' म्हणतात. म्हणजे बरबटी परकी नाही.

तिखटाबद्दल मात्र सगळ्यांनी नीट वाचा. अमेरिकन पाककृतींमध्ये 'चिली पावडर तीन टेबलस्पून' असं लिहिलेलं असतं. ते आपलं तिखट नाही! तो तयार मसाला आहे. त्यात आंचो नावाची सौम्य वाळलेली मिरची असते, शिवाय जिरं, ओरेगानो, लसूण. न्यू ब्राउनफेल्स नावाच्या टेक्सासमधल्या गावात विल्यम गेबहार्ट या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात तो बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. तुम्ही त्या मापाने आपलं लाल तिखट घातलं तर जेवायला बसलेल्यांना रात्रभर पाणी पुरवावं लागेल. एक ते दीड छोटा चमचा तिखट पुष्कळ झालं. जिरं मात्र हात राखून घालू नका. जिऱ्याचा वास हीच टेक्स-मेक्सची ओळख आहे, खुद्द मेक्सिकोच्या आतल्या भागात स्वयंपाकात जिरं एवढं वापरत नाहीत.

---

भिवापुरी ठसका

दिग्रसकर भाऊ, आमच्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा अपमान नको! पण मुद्दा बरोबर आहे. आमच्या तिखटाचा एक चमचा आणि रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरीचा एक चमचा, असं मिसळून घातलं तर रंग त्या व्हिडिओतल्यासारखा येतो आणि पोट्टेही खातात. नुसतं भिवापुरीवर रंग आणायला गेलात तर आग आधी येईल.

आणखी एक. वाळलेल्या मिरच्या घरात असतील तर तिखटापेक्षा त्याच घ्या. देठ आणि बिया काढा, तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसत्या फुगेपर्यंत भाजा, गरम पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून लसणासोबत वाटा. मेक्सिकोत असंच करतात. बिया काढल्यावर रंग आणि वास राहतो, झोंबणं बरंच उतरतं. मिरची कुठलीही असो, काळी पडेस्तोवर भाजली तर सॉस कडूच होणार.

---

कापूसकोंड्या

सांबारवडी ताई, हे त आपल्या फोडनीच्या पोईची मोठी बहीन दिसते. सकायच्या पोया, त्यात कांदा-तिखट. फक्त वरून चीजचं लुगडं नेसवलं. आमची बुढी ह्याले नावं ठेवनार नाई, पोई वाया गेली नाई म्हून खूशच होईन.

पन मले सांगा, ह्या टेक्सासात कास्तकार काय पिकवते? तिकडं बी कापूसच हाये म्हनतात.

---

डॅलसचा दिग्रसकर

हो काका, अमेरिकेत सगळ्यात जास्त कापूस टेक्सासच पिकवतं. आणि माती विचाराल तर माझ्या घराखाली तीच आहे जी दिग्रसला आहे. 'ब्लॅकलँड प्रेअरी' म्हणतात त्या पट्ट्याला, आपल्यासारखी काळी चिकण माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. इकडचे लोक उन्हाळ्यात घराच्या पायाला भोकाभोकाची नळी लावून पाणी देतात, नाहीतर माती आकसून पाया हलतो, भिंतींना तडे जातात. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, पऱ्हाटीला पाणी नाही आणि हे घराला देऊन राहिले!

---

कापूसकोंड्या

बरोबर बोलले बाबा तुमचे.

---

शिस्तीत खा

धागा वाचनीय आहे, पण कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं. कणकेची पोळी, गावरान टमाटे, अमूलचं चीज, ओव्हन नाही. याला टेक्स-मेक्स का म्हणायचं? टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोची पोळी, मक्याचा असतो, तोही विशिष्ट पद्धतीने केलेला. चेडर चीज नाही, ओरेगानो नाही. 'राजमा-पोळीचा थर' म्हणा, कुणाचं काही म्हणणं नाही. उगाच परदेशी नाव कशाला?

---

सांबारवडी

नाव पोट्ट्यांसाठी आहे हो. 'राजमा-पोळीचा थर' म्हटलं की अर्धी ताटं तशीच उठतात.

---

डॅलसचा दिग्रसकर

शिस्तीत खा, तुमच्या आक्षेपाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण गंमत अशी की टेक्स-मेक्सवर नेमका हाच आक्षेप मेक्सिकोचे लोक घेत आलेत.

हा स्वयंपाक टेक्सासात राहणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या लोकांचा, तेहानोंचा. तिथे जे मिळालं त्यावर तो उभा राहिला. गुरं भरपूर म्हणून गोमांस, दुकानात पिवळं चीज म्हणून पिवळं चीज, गहू स्वस्त म्हणून मैद्याचे टॉर्टिया. हो, उत्तर मेक्सिको आणि टेक्सास या पट्ट्यात टॉर्टिया गव्हाचेच मोठ्या प्रमाणात खातात, त्यामुळे पोळीवर तुम्ही हरकत घ्याल तर ती टिकायची नाही. आणि सांबारवडी ताईंनी जे सॉस सांगितलं, पीठ तेलात भाजून त्यात तिखट, जिरं, लसूण आणि पाणी, त्याला इकडे 'चिली ग्रेव्ही' म्हणतात. जुन्या टेक्स-मेक्स हॉटेलांत एन्चिलाडावर (सारण भरून गुंडाळलेल्या टॉर्टियांवर) हेच ओततात. मेक्सिकोत मिरचीची सॉस करतात ती पिठाने दाट करत नाहीत सहसा, मिरच्या वाटूनच दाट होते. म्हणजे ताईंची कणीक भाजायची पायरीच या पदार्थाला टेक्सासचा करते.

सॅन अँटोनिओच्या चौकात १९ व्या शतकाच्या शेवटी बायका संध्याकाळी चुली मांडून चिली (मिरचीतलं मांसाचं कालवण) विकायच्या, 'चिली क्वीन्स' म्हणायचे त्यांना. १९३० च्या दशकात आरोग्य खात्याच्या नियमांपायी त्यांचा धंदा बसला. नाचोजही असेच. पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या मेक्सिकन गावात १९४० च्या दशकात इग्नासिओ अनाया नावाच्या माणसाकडे पलीकडून अमेरिकन बायका आल्या, आचारी जागेवर नव्हता, त्याने टॉर्टियाचे तुकडे, चीज आणि मिरची एवढ्यावर भागवलं. 'नाचो' हे इग्नासिओचं घरातलं नाव.

कॅसरोल तर आणखी अलीकडचं. १९३४ मध्ये कॅम्पबेलने मशरूमचं दाट सूप डब्यात भरलं, आणि अमेरिकेतल्या बायकांनी ते सॉस म्हणून वापरायला सुरुवात केली. टेक्सासात सगळ्यात नावाजलेलं आहे 'किंग रँच चिकन': कोंबडी, टॉर्टिया, चीज, डब्यातली सुपं, थरावर थर. किंग रँच हे दक्षिण टेक्सासमधलं प्रचंड मोठं गुरांचं रान आहे. त्या पदार्थाशी त्याचा काही संबंध नाही! आता सांगा, शुद्धता कुठे शोधायची?

---

शिस्तीत खा

पिठाच्या मुद्द्यावर मान्य. ओरेगानोवर अजून अडून आहे.

---

गोविंदफळ

ओरेगानोसाठी अडू नका. अंगणात पानओवा असतो ना, जाड लोकरी पानांचा, ज्याची भजी करतात? क्युबात त्यालाच ओरेगानो म्हणतात. दोन-तीन पानं बारीक चिरून सॉस उकळताना टाका. जास्त नको, उग्र आहे. मेक्सिकन ओरेगानो म्हणून जो विकतात तोही पिझ्झावरच्या ओरेगानोच्या कुळातला नाहीच, वेगळंच झाड आहे. त्यामुळे पिझ्झासोबत आलेल्या पुड्या जपून ठेवल्या असतील तर त्याच सॉसमध्ये घाला, नसतील तर पानओवा.

---

ताक-कण्या

राजम्याबद्दल एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला हवी होती, कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. लाल राजम्यात एक विषारी घटक असतो, फायटोहिमॅग्लुटिनिन. पूर्ण उकळी मिळाली नाही तर उलट्या-जुलाब होतात, चार-पाच दाण्यांनीही होऊ शकतात. निदान पाच तास भिजवणं, भिजवलेलं पाणी फेकणं आणि नव्या पाण्यात खळखळ उकळणं, हे तिन्ही करायचं. कुकरमध्ये काळजी नाही. काळजी तिथे, जिथे कोणी चुलीच्या कडेला मंद विस्तवावर दिवसभर ठेवून शिजवू पाहतो. अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो. परदेशातले लोक मंद शिजवण्याच्या भांड्यात सरळ टाकतात ते डब्यातला आधीच शिजलेला राजमा असतो म्हणून.

चीजचंही सांगतो. पनीर घालून चीज वाचवू असं अनेकांच्या मनात येईल. पनीर वितळत नाही, कितीही तापवा. आंबट घालून फाडलेलं दूध तसंच राहतं. प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफायर क्षार असतात म्हणून ते गुळगुळीत वितळतं, तेल सुटत नाही. तार मात्र येत नाही, तार पाहिजे तर मोझरेला. तालुक्याच्या ठिकाणी बेकरीत किंवा डेअरीत दोन्ही मिळतं आताशा.

---

आंबाडीची भाजी

मग चीज कमी करायचं असेल तर काय करायचं? सहा जणांचं दीडशे ग्रॅम म्हणजे आमच्या बजेटमध्ये आठवड्याला बसत नाही. आणि सासूबाई विचारतात, त्यात जनावराचं काही असतं का.

---

सांबारवडी

पाकिटावर हिरवा ठिपका आहे का बघा, तो असला की शाकाहारी. सासूबाईंना तो दाखवा, वाचून सांगण्यापेक्षा ठिपका लवकर पटतो.

कमी चीजची युक्ती: मधल्या थरांत अजिबात घालू नका. एक चमचा कणीक एक चमचा लोण्यात किंवा तुपात भाजा, वाटीभर दूध घालून दाट करा, उतरवून त्यात दोन क्यूब चीज विरघळवा. ते वरच्या थरावर ओता. सगळीकडे चीजची चव लागते. मधल्या थरात ताक-कण्या भाऊंचं न वितळणारं पनीर कुस्करून टाकलं तरी चांगलं लागतं, तिथे वितळायची गरजच नाही.

सासऱ्यांसाठी मी कढईच्या एका बाजूला चीज टाकतच नाही. त्यांच्या वाढणीवर सायीचं दही आणि कच्चा कांदा. ते चीजवाल्या बाजूकडे बघतही नाहीत.

---

लाईन गेली

पोळी भिजून लगदा होत नाही का? माझी तीच भीती आहे. आणि दुपारीच सगळं लावून ठेवलं, संध्याकाळी फक्त गरम केलं, तर?

---

सांबारवडी

सॉस दाट, पोळी कडक, आणि थर लावल्यावर लगेच गॅसवर. या तिन्हीतलं एक जरी चुकलं तर लगदा. म्हणून दुपारी थर लावायचे नाहीत. सॉस करून ठेवा, राजमा शिजवून ठेवा, पोळ्या कडक करून डब्यात भरा, सगळं वेगवेगळं. संध्याकाळी थर लावायला पाच मिनिटं लागतात, पुढे वीस मिनिटं कढई आपलं काम करते आणि तुम्ही हात-पाय धुऊन बसा. उन्हाळ्यात मात्र शिजलेला राजमा बाहेर ठेवू नका. आपल्याकडच्या ४५ अंशांत तो संध्याकाळपर्यंत आंबतो. लाईनचा भरवसा नसेल तर फ्रिजचाही नाही, मग त्या दिवशी बरबटी.

---

ताक-कण्या

झाकणाखाली कोरडं फडकं बांधा, ढोकळ्याला बांधतो तसं. वाफेचं पाणी परत खाली चीजवर ठिबकतं, निम्मा लगदा त्यानेच होतो. फडक्याची टोकं वर गाठ मारून ठेवा, लोंबती राहिली तर पेट घेतील.

---

निखारा

एवढं सगळं वाचलं, पण खरी अडचण कोणी बोललं नाही. गॅसवर वरचा भाग भाजला जात नाही. चीज वितळतं पण पांढरं-पिवळं गचगचीत राहतं, व्हिडिओतल्यासारखे खरपूस डाग येत नाहीत. त्याचा उपाय चूल.

आमच्याकडे गॅस आहे पण अंगणात चूलही पेटते, पाणी तापवायला आणि रोडग्यांना. जाड लोखंडी कढई चुलीवर ठेवायची, जाळ ओढून घ्यायचा, नुसता विस्तव खाली. वर लोखंडी तवा पालथा न घालता सरळ झाकण म्हणून ठेवायचा आणि त्यात पळसाच्या नाहीतर बाभळीच्या लाकडाचे निखारे. खाली कमी, वर जास्त. दहा-बारा मिनिटांत वरून खरपूस. तवा कढईच्या काठापेक्षा मोठा पाहिजे, नाहीतर राख आत. उचलताना सांडशी नको, दोन्ही बाजूंनी जाड कोरडं पोतं धरून उचला आणि राख बाहेर झटका. एकट्याने करायचं काम नाही.

तुराट्यांचे निखारे घेऊ नका, ते लगेच राख होतात.

---

डॅलसचा दिग्रसकर

निखारा भाऊ, तुम्ही न कळत थेट टेक्सासलाच पोचलात. गुरं हाकत शेकडो मैल नेणाऱ्या काउबॉयांचा स्वयंपाक असाच व्हायचा. चार्ल्स गुडनाइट नावाच्या टेक्सासच्या पशुपालकाने १८६६ मध्ये लष्करी गाडीत बदल करून स्वयंपाकाची गाडी बनवली, तिला चक वॅगन म्हणतात. त्यात बिडाची, पाय असलेली, काठ उचललेल्या झाकणाची भांडी असायची. काठ उचललेला एवढ्यासाठीच की वर ठेवलेले निखारे घसरू नयेत. खाली कमी, वर जास्त, हाच नियम. इथे अजून त्याच्या स्पर्धा भरतात.

---

लाईन गेली

चूल नसेल त्यांनी काय करायचं? आम्ही वरच्या मजल्यावर राहतो.

---

निखारा

दुसऱ्या शेगडीवर रिकामा लोखंडी तवा चांगला दहा मिनिटं तापवा, धूर निघायला लागला की कढईवर उपडा ठेवा, कढईखालचा गॅस बंद. पाच मिनिटं. निखाऱ्यांइतकं नाही, पण रंग येतो. प्लास्टिकच्या मुठीची किंवा नॉनस्टिक कढई असेल तर हे करू नका.

---

मोताळ्याचा मका

बुलढाण्याकडून हजेरी. आमच्याकडे खरिपात मका ढीगभर, त्यामुळे मी टॉर्टियाच्या मागे लागले होते. नुसत्या मक्याच्या पिठाचा गोळा फुटतो, लाटता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मेक्सिकोत अख्खा मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, धुऊन साल काढतात, मग ओलाच दळतात. चुन्यामुळे साल सुटते आणि पीठ चिकट होतं. तिथले मूळ रहिवासी हे हजारो वर्षं करत आलेत. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, म्हणून मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा जीवनसत्त्व कमी पडल्याचा रोग झाला. मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व चुन्याशिवाय शरीराला नीट लागत नाही.

प्रमाण साधारण किलोभर मक्याला दहा ग्रॅम खायचा चुना, तीन लिटर पाणी. पानाला लावतो तोच, पण सुगंधी किंवा रंगीत नको. जर्मनच्या गंजात करू नका, चुना ॲल्युमिनियम खातो, स्टीलचं पातेलं घ्या. ओला मका वाटायला घरच्या मिक्सरचा जीव जातो, गिरणीवाला ओलं दळून देत नाही. म्हणून खरं सांगू, रोजच्या रात्रीसाठी हे नाही. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या दिवशी करा.

रात्रीच्या घाईत याचं काम मक्याचं पीठ वेगळ्या तऱ्हेने करतं. पोळीचे थर सोडून द्या. खाली राजम्याचं सारण सॉससकट ओता, वर वाटीभर मक्याचं पीठ, अर्धी वाटी रवा, दही, मीठ, थोडं तेल, चिमूटभर सोडा असं ढोकळ्याच्या पिठापेक्षा दाट भिजवून पसरा. झाकण ठेवून मंद आचेवर पंचवीस मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झालं. टेक्सासात याला 'टमाले पाय' म्हणतात, वरून मक्याच्या पावाचा थर. याला चीज लागतच नाही, त्यामुळे आंबाडीताईंनी हेच करून बघा.

---

आंबाडीची भाजी

हे जमण्यासारखं आहे! सारण गरम असतानाच पीठ पसरायचं की गार झाल्यावर?

---

मोताळ्याचा मका

गरमच पाहिजे, बुडबुडे येत असताना. गार सारणावर पसरलं तर खालचं पीठ कच्चं राहतं आणि वरचं फुटतं.

---

कापूसकोंड्या

मले एक इचारू द्या. आमच्या घरी पोया कमी आन् ज्वारीच्या भाकरी जास्त. शिळी भाकर चालते का ह्याच्यात?

---

सांबारवडी

चालते काका, पण तिची तऱ्हा वेगळी. भाकर पोळीपेक्षा सॉस जास्त पिते आणि लवकर विरघळते. त्यामुळे पातळ थापलेली भाकर घ्या, तुकडे न करता अख्खी तव्यावर कडक करा, पार टोस्ट होईस्तोवर, आणि मग मोठे मोठे तुकडे मोडा. थर दोनच. सॉस दीडपट करा, पण एकदम नाही, अर्धं वर राखून ठेवा आणि ताटात वाढताना घाला. ज्वारीला मक्यासारखीच मातकट गोडी आहे, त्यामुळे तिखट-जिऱ्याच्या सॉससोबत ती पोळीपेक्षा बरी जुळते, असं माझं मत. कढईतून सुरीने कापून निघणार नाही, पळीनेच वाढावं लागेल.

---

भिवापुरी ठसका

शनिवारचा कोंबडीचा रस्सा उरला असेल तर? रविवारी रात्री त्याचंच करावं म्हणतो, राजमा न घालता.

---

सांबारवडी

हाडं काढून मांस सोडवून घ्या. रस्सा गाळून सॉसमध्ये पाण्याऐवजी वापरा, पण मग तिखट वेगळं घालू नका, रश्श्यातलं पुरेसं आहे. गरम मसाला जास्त असलेला रस्सा असेल तर तो नकोच, लवंग-दालचिनीखाली जिरं दबून जातं आणि सगळं रश्श्याचंच लागतं. मांस आधी चांगलं उकळी येऊ देऊन मगच थरात लावा.

---

लाईन गेली

काल केलं, बरबटी आणि फडकं बांधून. थर सुटे निघाले. थोडं उरलंय, पोट्ट्यांच्या डब्यात देता येईल का?

---

सांबारवडी

रात्री फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर द्या. सकाळी तव्यावर थोड्या तेलात, झाकण न ठेवता, दोन्ही बाजूंनी गरम करा म्हणजे खालची पोळी परत कडक होते. पूर्ण गार करून मग डब्बा बंद करा. दही वेगळ्या डब्बीत.